मुगलसराईची बिऱ्हाडे

सुरत म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोनच प्रसंग उभे राहतात. एक, शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्या. दुसरा, १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या मंडपात भिरकावला गेलेला तो इतिहासप्रसिद्ध जोडा. या प्रसंगांच्या आधी, मध्ये व नंतर सुरत नावाचे एक शहर नांदत होते, याची दखल आमच्या वाङ्मयाने क्वचितच घेतली आहे. वस्तुतः आज मराठी माणसाचा या शहराशी जो संबंध आहे तो ना स्वारीचा, ना राजकारणाचा. तो पोटाचा आहे. जळगावहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग उधन्याला मुख्य मार्गास मिळतो, आणि त्या वाटेने गेली कित्येक दशके जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत येऊन राहिली आहेत. मागांवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत ती राबतात. त्यांची मुले येथेच जन्मतात. त्या जन्मांची नोंद ज्या महानगरपालिकेच्या दप्तरी होते, तिच्या मुख्यालयाची जुनी वास्तू हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुरतेत तिला मुगलीसरा म्हणतात, आणि भोवतालच्या वस्तीलाही तेच नाव पडले आहे. रिक्षावाल्यास 'मुगलीसरा' म्हटले की तो महापालिकेच्या दाराशी आणून सोडतो. या शब्दात 'सराई' दडली आहे हे मात्र त्याच्याही ध्यानी नसते आणि उतारूच्याही. शहाजहानच्या कारकीर्दीत, इ. स. १६४४ मध्ये, इसहाक बेग यज्दी ऊर्फ हकीकतखान या सरदाराने ही सराई बांधविली. तीस त्या वेळी तेहतीस हजारांवर रुपये खर्च आला असे सांगतात. तिचे मूळ नाव हुमायूँ सराई. सुरत हे तेव्हा हिंदुस्थानातील यात्रेकरूंचे मक्केकडे जाण्याचे मुख्य बंदर होते. तेथला महसूल बादशहाने आपली वडील कन्या जहाँआरा हिला लावून दिला होता, आणि बंदराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास 'मुत्सद्दी' म्हणत. (मराठीत येता येता या शब्दास जी धूर्तपणाची छटा चढली, तिचे श्रेय बंदरावरील कारकुनीस द्यावे की मराठी दरबारास, हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे.) वाऱ्याचा हंगाम येईपर्यंत यात्रेकरूंना गलबतांची वाट पाहत दिवस काढावे लागत. त्या मुक्कामाची सोय म्हणून ही सराई.

वास्तुकलेच्या दृष्टीने पाहू जाता ही इमारत कोणास थक्क करून सोडील असे नाही. आग्ऱ्यात संगमरवराचे स्वप्न उभे राहत होते त्याच वर्षांतली ही बांधणी. पण हिच्यात स्वप्न कोठेही नाही, हिशेब आहे. जाड भिंती, एक मोठी कमानदार वेस, आत मोकळा चौक आणि चौकाभोवती हारीने खोल्या. सराईचा हा नमुना इराणपासून बंगालपर्यंत रूढ होता. आपल्याकडील वाचकास तो परका वाटण्याचे कारण नाही. मंगेशीस किंवा कवळ्यास जो महाजन अग्रशाळेत उतरला असेल, त्याला चौकाभोवतालच्या खोल्यांचा हा संसार ठाऊक आहे: आपल्या खोलीचे दार उघडले की समोर सर्वांचा चौक, आणि चौकात आल्यावाचून कोणालाही बाहेर जाता येत नाही. फरक एवढाच की अग्रशाळेच्या चौकात मधोमध देव आहे, सराईच्या चौकात मधोमध मोकळे आकाश.

या रचनेत जो गुण आहे त्यातच तिचे पुढचे सारे भवितव्य साठविलेले आहे, असे मला वाटते. एकच वेस असली की वाटसरू निर्धास्त निजतो, कारण रात्री ती वेस बंद करता येते. पण जी वेस बाहेरच्या चोरास अडवते तीच आतल्या माणसासही अडवू शकते. सराई, गढी आणि तुरुंग या तिघी एकाच आईच्या लेकी होत. १६७० च्या ऑक्टोबरात मराठे दुसऱ्यांदा सुरतेवर चालून आले तेव्हा शहरातील सरायाच लढाईची ठाणी झाल्या. तुर्क व इराणी व्यापाऱ्यांनी आपली सराई लढवून राखली. मक्केहून नुकताच परतलेला काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान मात्र आपल्या सराईतून काढता पाय घेऊन किल्ल्यात गेला, आणि त्याची संपत्ती मराठ्यांच्या हाती पडली. दोन्ही सरायांची बांधणी सारखीच. निर्णय आतल्या माणसांच्या छातीने केला.

पुढे बंदराचे दैव फिरले. इंग्रजांनी १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले. तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला, मोगल सत्ता विरत गेली, आणि महसुलावर पेशवे, गायकवाड व नबाब असे अनेक दावेदार उभे राहिले. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला हस्तगत केला. १८०० मध्ये नबाबाशी तह करून शहराचा कारभारही घेतला. किल्ल्याची कथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण ती सराईच्या कथेचे उलटे चित्र आहे. गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या आज्ञेने, पोर्तुगीजांच्या धाडींना आळा घालण्यासाठी, सोळाव्या शतकाच्या मध्यास खुदावंदखानाने तो बांधला. १५७३ मध्ये तो अकबराने घेतला. १८६२ पर्यंत त्यात पलटण होती. ती उठल्यावर तेथे महसूल व पोलीस खात्याच्या कचेऱ्या आल्या. अलीकडे महानगरपालिकेने त्याची काळजीपूर्वक डागडुजी करून त्याचे संग्रहालय केले आहे. काम चांगले झाले आहे, यात शंका नाही. तथापि लढण्यासाठी बांधलेल्या वास्तूत लढणे संपल्यावर जे जे आले ते पाहुणे म्हणूनच आले. किल्ल्याचे व त्यांचे कधी जमले नाही. सराईचे तसे झाले नाही. तिच्यात जो आला तो रुळला.

पहिला रुळला तो कैदी. १८५७ च्या सुमारास या इमारतीचा उपयोग तुरुंग म्हणून होत होता. खोल्यांना बाहेरून कडी घातली की झाले. फारसे बांधकाम करावे लागले नसावे. याविषयी अधिक लिहिण्याजोगे थोडे आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. सराईत उतरलेला मनुष्य आपल्या प्रवासवर्णनात तिच्याविषयी दोन ओळी लिहितो. कैद्याने लिहिलेले दप्तरात उरत नाही.

मग १८६७ मध्ये नगरपालिका आली. सुरतेची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे या देशातील आरंभीच्या नगरपालिकांपैकी. पंधरा वर्षांनी तिला ही जागा मिळाली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यात आणि कैद्यांच्या कोठड्यांत घरपट्टीची दप्तरे आली, ही घटना काहींना अधःपाताची वाटेल. मला ती तशी वाटत नाही. सुरतकरांचे करांशी कधीच सख्य नव्हते. १८४४ मध्ये मिठावरील कर वाढला तेव्हा शहराने दंगा केला, आणि १८७८ मध्ये व्यवसाय-परवान्यावरील करापायी पुन्हा दंगा झाला. अशा शहरात कर बसविणारी आणि कराचा जाब देणारी संस्था एका चौकाभोवती, एका वेशीच्या आत बसली, हे मला समर्पक वाटते. जाब विचारण्यास कोठे जावयाचे हे लोकांना ठाऊक होते. सत्तेला पत्ता असणे ही लोकशाहीची पहिली सोय होय.

आणि त्या चौकात जाब केवळ लोकांनीच विचारला असे नव्हे. असहकाराच्या काळात सुरतेच्या नगरसेवकांनी शाळांवरील सरकारी देखरेख झुगारून देण्याचा पवित्रा घेतला. अहमदाबाद आणि नडियादच्या नगरपालिकाही त्याच वाटेने गेल्या. सरकारने १९२२ मध्ये सुरतेची नगरपालिका बरखास्त करून कारभार आपल्या नेमलेल्या समितीकडे दिला. परक्या सत्तेने जी खोली दिली त्याच खोलीत बसून त्या सत्तेला 'नाही' म्हणण्याचा हा प्रकार होता. सराईच्या पावणेतीनशे वर्षांत याहून मोठा क्षण मला दिसत नाही. तो क्षण कोणा बादशहाचा नव्हता. तो मुलांच्या शाळा कोणी चालवाव्यात या प्रश्नावर मत देणाऱ्या साध्या वाणी, वकील, डॉक्टरांचा होता. १ ऑक्टोबर १९६६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने हे शहर सैरावैरा पळत सुटले, आणि पुढच्याच वर्षापासून सफाईच्या कडक शिस्तीने तेच शहर देशास आदर्श म्हणून दाखविले जाऊ लागले. तीही शिस्त याच दप्तरातून निघाली.

आता थोडे दक्षिणेस वळू. गोव्याकडील वाचकास ही कथा वाचताना पणजीचे जुने सचिवालय आठवल्यावाचून राहणार नाही. मांडवीच्या काठी विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने बांधलेला तो वाडा १५१० मध्ये आल्बुकेर्कच्या हाती पडला. नवे व्हाइसरॉय त्यात काही काळ उतरत. १७५९ पासून तो व्हाइसरॉयांचे रीतसर निवासस्थान झाला. योगायोग असा की त्याच वर्षी सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. १९१८ मध्ये गव्हर्नर काबो येथे राहावयास गेला आणि वाड्यात नुसत्या कचेऱ्या उरल्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. दर्शनी भागावरील पोर्तुगीज राजचिन्हाच्या जागी अशोकचक्र आले. आणि १९६४ पासून तेथे लोकांनी निवडलेली विधानसभा भरू लागली. सन २००० मध्ये विधानसभा पर्वरीस गेली, आणि वाडा कलाप्रदर्शनांचा व स्मृतींचा झाला.

या नियतकालिकाच्या वाचकांना त्या छपराखाली काय काय घडले हे मी सांगावयास नको. विलीनीकरण की संघप्रदेश हा वाद तेथे घुमला, आणि तो अखेर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने सुटला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषेचा कायदाही तेथेच संमत झाला. ज्या दोन भाषा या पानांवर शेजारी शेजारी नांदतात, त्याच तेथे एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या. आदिलशहाच्या मुदपाकखान्याच्या किंवा घोडपागेच्या जागेवर मराठी-कोंकणीचा निवाडा व्हावा, ही गोष्ट कोणा ज्योतिषाने यूसुफखानास सांगितली असती तर त्याने त्याची रवानगी बुरुजावरून खंदकात केली असती.

परंतु दोन्ही वास्तू शेजारी ठेवून पाहिल्या की एक भेद लक्षात येतो, आणि समीक्षकाने तो नोंदविला पाहिजे. पणजीत नाव टिकले आणि रूप गेले. आदिलशहाचा वाडा असे आपण म्हणतो खरे, पण डोळ्यांस दिसतात त्या उतरत्या कौलांच्या, लाकडी सज्जांच्या पोर्तुगीज खिडक्या. विजापूरची खूण शोधूनही सापडणे कठीण. खंदक बुजला, तटबंदी गेली, आणि नाव मात्र राहिले. सुरतेत याच्या उलट झाले. वेस, चौक, कमानी हे रूप ओळखू यावे इतके टिकले. पण हकीकतखानाचे नाव शहर विसरले आणि 'मुगल' एवढीच मोघम आठवण राहिली. यांपैकी बरे कोणते? माझा कौल सुरतेच्या बाजूने आहे. वास्तूचे चारित्र्य तिच्या आराखड्यात असते. पाटी कोणीही रंगवू शकतो.

आणि ज्यांना उपयोगच बदलल्याची खंत वाटते त्यांनी पुण्याच्या शनिवारवाड्याकडे पाहावे. १८१८ नंतर इंग्रजांनी तेथेही तुरुंग थाटला, दवाखाना थाटला, वेड्यांना ठेवले. १८२८ च्या आगीत आतला सारा वाडा जळाला. त्यानंतर तेथे बिऱ्हाड असे कोणाचेच राहिले नाही. आपल्याजवळ उरला तो तट, तो दरवाजा आणि कारंज्यांचे चौथरे. इतिहासाविषयीची आपली भक्ती त्या रिकाम्या जागेवर कितीही उसळो, तेथे पाऊस थेट जमिनीवर पडतो. वास्तू जगते ती तिच्यात कोणीतरी राहते म्हणून, तिच्यावर कोणाचे तरी छप्पर दुरुस्त करण्याचे दायित्व असते म्हणून.

येथवर इतिहास झाला. आता वकिलीचा भाग येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२०२१ साली गुजरात राज्य वक्फ मंडळाने एका नागरिकाच्या अर्जावरून ही इमारत वक्फ मिळकत म्हणून नोंदविण्याचा आदेश दिला. अर्जाचा गाभा असा की सराई यात्रेकरूंसाठी धर्मार्थ दिलेली आहे, आणि एकदा दिलेले दान परत घेता येत नाही. महापालिकेने आदेशास आव्हान दिले आणि एप्रिल २०२४ मध्ये वक्फ न्यायाधिकरणाने तो रद्द ठरविला. पुढे वक्फ कायद्याच्या दुरुस्तीवर देशभर वाद झाला तेव्हा सुरतेच्या या इमारतीचे उदाहरण पुनःपुन्हा दिले गेले. दुरुस्तीचा कायदा २०२५ च्या एप्रिलमध्ये झाला, आणि त्यातील काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली. अशा रीतीने पावणेचारशे वर्षांची एक मुकी इमारत एका वर्षात राष्ट्रीय वादातली साक्षीदार झाली. तिला कोणी पाहावयास मात्र आले नाही.

न्यायाधिकरणाचा निर्णय मला मान्य आहे. दीडशेहून अधिक वर्षे जी इमारत उघडपणे, अखंड, साऱ्या शहराच्या कामी सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आहे, ती एका नोंदीने त्या संस्थेच्या हातून काढता येऊ नये. १९९१ चा प्रार्थनास्थळांविषयीचा कायदा येथे लागू पडत नाही, कारण सराई हे प्रार्थनास्थळ नव्हे. तरीही त्यामागचे तत्त्व, म्हणजे इतिहासाची प्रत्येक उलथापालथ न्यायालयात उलटी फिरविता येत नाही हे, येथेही शहाणपणाचे आहे. लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४० मध्ये हेच सांगितले होते. १७२२ मध्ये अर्पण झालेली ती मशीद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिखांच्या ताब्यात होती आणि १९३५ मध्ये पाडली गेली. इतक्या काळानंतर मुदतीचा कायदा आड येतो, आणि मशिदीची इमारत स्वतः वादी होऊ शकत नाही, असा तो निर्णय.

पण आमच्या मंदिर-समाजातील काही मंडळींनी सुरतेच्या निकालावर ज्या आनंदाने पेढे वाटल्यासारखे बोलावयास सुरुवात केली, त्यांना मला एक प्रश्न विचारावयाचा आहे. गोव्यात १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात गेली. मागे राहिलेल्या देवळांच्या जागा, जमिनी, उत्पन्ने दुसऱ्यांच्या हाती गेली. त्या पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी गोवा शासनाने २०२२ च्या अर्थसंकल्पात वीस कोटी रुपये ठेवले तेव्हा याच मंडळींनी म्हटले होते की दान दिलेली वस्तू काळाने जुनी होत नाही. मग सुरतेत काळ का मोजावयाचा? आणि सुरतेत मोजावयाचा असेल तर साष्टी-तिसवाडीत का मोजावयाचा नाही? माप एकच ठेवा. 'एकदा वक्फ ते कायम वक्फ' हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये उच्चारले आहे, आणि देवस्व कधी मनुष्याचे होत नाही हे आमचे जुने वचनही त्याच जातीचे आहे. ज्याला एक सूत्र हास्यास्पद वाटते त्याने दुसऱ्यावर आपला खटला उभारू नये.

आमच्या परंपरेत मात्र एक गोष्ट अशी आहे की जी या गुंत्यात मार्ग दाखविते. कुशस्थळीचे देऊळ गेले तरी मंगेश गेला नाही. तो पालखीतून प्रियोळास आला आणि जेथे बसला तेथे मंगेशी झाली. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या राज्यात, नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने उभे राहिले; त्यात मूळ जागेची एक वीटही नसेल, तरी देवीच्या नित्यपूजेत खंड मानला जात नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या दाव्यात हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडला: देवता ही घरातल्या सामानासारखी वस्तू नव्हे, आणि तिचा निवास कोठे असावा याविषयी तिचीही इच्छा मानली पाहिजे. म्हणजे अर्पण भिंतींना चिकटत नाही, हेतूला चिकटते. भिंती बदलल्या तरी हेतू चालू असेल तर दान जिवंत आहे. भिंती तशाच असून हेतू मेला असेल तर उरते ती केवळ मिळकत.

ही कसोटी सराईला लावून पाहा. हकीकतखानाचा हेतू काय होता? वाटसरूने उघड्यावर निजू नये. तो वाटसरू विशिष्ट यात्रेचा होता, हे खरे. पण त्याची गरज सार्वत्रिक होती. ही इमारत कोणाची, या प्रश्नावर तीन वर्षे कागद खर्ची पडले. ती कशासाठी, हा प्रश्न त्या साऱ्या कागदांत कडेलाच राहिला.

आणि हा प्रश्न आता टळण्यासारखा नाही. महानगरपालिकेचे नवे मुख्यालय रिंगरोडवर, उधना दरवाजाकडील बाजूस, जुन्या सब-जेलच्या जागेवर उंच जुळ्या मनोऱ्यांच्या रूपाने उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. यातील विनोद वाचकाच्या ध्यानी आला असेलच: तुरुंग उठल्यावर नगरपालिका सराईत शिरली, आणि सराई सोडून ती पुन्हा तुरुंगाच्याच जागी चालली. उधना दरवाजा म्हणावा तर तोही आता नावापुरता. जुन्या तटाच्या मार्गावरून रस्ता धावतो. कामाच्या व्यापाने महापालिकेला मोठी जागा हवी, याविषयी तक्रार नाही. ज्या शहराची लोकसंख्या अर्ध्या कोटीच्या पलीकडे गेली, त्याचा संसार सतराव्या शतकातील चौकात मावणार कसा? परंतु मनोऱ्याला चौक नसतो. तेथे जाब विचारणाऱ्यास कोणत्या मजल्यावर जावे हे प्रथम विचारावे लागेल.

दप्तर हलले की मुगलसराईचे काय होईल, याचा अंदाज करणे अवघड नाही. संग्रहालय होईल. भिंती खरवडून स्वच्छ केल्या जातील, रात्री दिवे लागतील, वेशीशी तिकिटाची खिडकी येईल. किल्ल्याशेजारी आणखी एक संग्रहालय. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. जळून जाण्यापेक्षा किंवा पाडून दुकानांचा गाळा होण्यापेक्षा ते शतपट बरे. पण ज्या वास्तूत पावणेचारशे वर्षे कोणीतरी राहत आले, ती शेवटी केवळ पाहण्याची वस्तू व्हावी यात कल्पनेचे दारिद्र्य आहे.

दिवाळीच्या किंवा छठपूजेच्या आधी उधना स्थानकावर जाऊन पाहा. उत्तरेकडील गाड्यांसाठी हजारो कामगार पोरेबाळे आणि बोचकी घेऊन फलाटाबाहेर बसलेले असतात. कित्येकांच्या रात्री तेथेच जातात. सरकारी रुग्णालयांच्या आवारात, रोग्याबरोबर खेड्यातून आलेली माणसे पायऱ्यांवर निजतात. त्यांत नंदुरबारकडून आलेला भिल्ल असतो, ओरिसाचा मागवाला असतो, आणि नवापूरची लेकुरवाळी असते. त्यांना संग्रहालय नको आहे. एक पथारी टाकण्याइतकी जागा, पाण्याचा नळ, आणि रात्री बंद होणारी वेस, एवढेच त्यांना हवे आहे. हे सारे त्या वास्तूत पहिल्या दिवसापासून आहे. चौकाची एक बाजू संग्रहालयास द्यावी, तेथे मूळ शिलालेखाचे मराठी, गुजराती, उर्दू भाषांतर लावावे आणि हकीकतखानाचे नाव प्रथमच ठळक अक्षरांत लिहावे. दुसरी बाजू १९२२ च्या त्या नगरसेवकांच्या आठवणीसाठी राखावी. उरलेल्या दोन बाजूंच्या खोल्या वाटसरूंस नाममात्र भाड्याने द्याव्यात, जात-धर्म न विचारता.

आमच्या देवस्थानांनी यात उतरण्यास मला काहीच हरकत दिसत नाही. अग्रशाळा चालविण्याचा आपल्याला चारशे वर्षांचा सराव आहे. पाणी कोठे भरावे, दिवा किती वाजता मालवावा, उतारू भांडले तर कोणी समजूत घालावी, खोल्या कोणी झाडाव्यात, या गोष्टी शिकविण्यास शहर-नियोजनाची पदवी लागत नाही. त्या प्रत्येक देवस्थानच्या कारभाऱ्यास तोंडपाठ असतात. सुरतेतील मराठी मंडळांनी महापालिकेकडे असा एक साधा अर्ज करावयास हवा. मसुदा करून देण्यास मी तयार आहे, शुल्क नाही.